जांबोटीची सकाळची बस

साडेनवाला विद्यापीठाचं गेट बंद करायचा नियम कसा गेला, सांगते. आमची जांबोटीची बस कधीच वेळेत यायची न्हाई. शेवटी समिती झाली. विद्यापीठाकडून कुलसचिव सर, विद्यार्थी संघाकडून मी. म्हटलं, "सर, एकदा माझ्यासंगं येऊन बघा."

सर खरंच आमच्या घरी मुक्कामाला आले. सकाळी थांब्यावर नुसतं धुकं, झाडं तरंगल्यागत. बस आलीच न्हाई. चालत निघालो. सर हळूच म्हणाले, "ही वाट संपूच नये बघ."

पुढं दुधाच्या टेम्पोनं पोचलो, तर गेटवर वॉचमन आप्पा आडवे. "सर, उशीर झाला. नोटिशीवर सही तुमचीच हाय."

सर गेटबाहेरच्या कट्ट्यावर निवांत बसले. "ये गं, समितीची बैठक इथंच घेऊ."