चरबी की रक्त

डॉक्टर : या एमआरआयमधले चरबी दाबून घेतलेले फोटो कुठायत?

टेक्निशियन : राहिले, मॅडम. त्या बाई मशीनमध्ये घुसमटल्या. आम्हाला बोलवायला हातात दिलेला फुगा दाबत सुटल्या, बाहेर काढा म्हणाल्या. बाकीचं झालं होतं, म्हटलं भागेल तेवढ्यावर.

डॉक्टर : नेमकं त्यावरच अडलंय. ही डाव्या अंडाशयातली गाठ बघा. पांढरीशुभ्र. या फोटोत चरबी पांढरी दिसते आणि जुनं रक्तही पांढरंच. मशीननं चरबीचा सिग्नल दाबला की ती फोटोत काळी पडते, रक्त पडत नाही.

टेक्निशियन : आणि रक्त निघालं तर?

डॉक्टर : तर कडेचा हा उंचवटा मला आवडणार नाही. रक्ताच्या गाठीत असा उंचवटा म्हणजे कॅन्सरची शंका धरावी लागेल आणि सर्जन उद्या अंडाशयच काढतील. उजवं आधीच गेलंय. बाईंना मूल नाही. बोलवा त्यांना.

टेक्निशियन : निघाल्या त्या. चप्पल घालत होत्या.

डॉक्टर : मग पळा.

(थोड्या वेळाने, मशीनच्या खोलीच्या दारात.)

पेशंट : परत बोलावलं म्हणजे वाईटच असणार.

डॉक्टर : तसं नाही. काही फोटो घ्यायचे राहिले. चूक आमची.

पेशंट : मागच्या ऑपरेशनच्या वेळीही सगळे असेच गोड बोलत होते.

डॉक्टर : मला गोड बोलता येत नाही. यांना विचारा.

टेक्निशियन : खरंय. आत्ताच बोलणी खाऊन आलोय.

पेशंट : सर्जन म्हणाले, पोट उघडल्यावर ठरवू. सासूबाई म्हणाल्या, जीव वाचला की झालं. नवरा मान डोलावतो. मला मरायची भीती वाटते, डॉक्टर. आणि मूलही हवंय. दोन्ही एकदम वाटतं, त्याला मी काय करू?

डॉक्टर : आत्ता फक्त हलू नका. सांगितलं की श्वास रोखायचा.

पेशंट : परत घुसमटलं तर?

टेक्निशियन : मी कानात बोलत राहीन. पडेल विनोद भरपूर आहेत माझ्याकडे.

पेशंट : विनोद नकोत. किती राहिलं तेवढं सांगत जा.

टेक्निशियन : सांगतो. या, झोपा. पाय सरळ. हं, आत घेतोय... आता काचेमागून बोलतोय. श्वास सोडा. आता रोखा... घ्या श्वास. थोडंच राहिलं... झालं. मॅडम, इकडे काचेशी या, आले फोटो.

डॉक्टर : जुना शेजारी लावा.

टेक्निशियन : काळी पडली.

डॉक्टर : उंचवटासुद्धा. चरबीच आहे. साधी गाठ दिसतेय. सर्जनना सांगते, नुसती गाठ सोलून काढा, अंडाशय राहू द्या.

टेक्निशियन : ऐकतील?

डॉक्टर : हे दोन फोटो समोर ठेवल्यावर ऐकतील.

पेशंट : कुणी बोलत का नाहीये? मी आत आहे अजून.

डॉक्टर : माइक द्या इकडे. ऐकू येतंय का? गाठ चरबीची आहे. लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत मी शपथेवर सांगणार नाही, पण कॅन्सरसारखं काही दिसत नाही. अंडाशय वाचेल. या आता बाहेर.

टेक्निशियन : टेबल बाहेर काढलंय, मॅडम. त्या उठत नाहीयेत.

डॉक्टर : राहू दे पडून त्यांना. पुढच्या पेशंटला सांगा, जरा वेळ लागेल.