सरळ जाऊन डावीकडे

...आणि वर मलाच सांगतात, "सरळ जा आणि डावीकडे वळा!" अहो, सरळ जायला तिथं सरळ आहे काय? चार पावलं टाकली की पाव, पाव चुकवला की मासे, मासे चुकवले की मेणबत्त्या! मेणबत्त्या, खाण्याच्या जागी! तुम्हाला सांगतो, मी टेलर माणूस, सगळं आयुष्य कापडावर सरळ रेघा मारण्यात गेलं, पण त्या फूड हॉलमधे सरळ रेघ मारून दाखवणारा अजून जन्माला यायचाय.

आता तुम्ही म्हणाल, मग गेलात कशाला? हौसेनं नाही गेलो हो! पुतणीसाठी गेलो. बारकी आमची. लग्नाच्या वयाची झाली तरी घरात बारकीच. चांगली पंख्याखाली बसवून पगार देणारी नोकरी होती, ती सोडली आणि त्या हॉलमधे काउंटर टाकलं. कशाचं? सूपचं! आजारी माणूस सोडला तर सूप पितं कोण, सांगा?

बरं, बारकीचा बाप म्हणजे माझा थोरला भाऊ. दादा. आणि दादाशी मी बोलत नाही. का म्हणून विचाराल, तर एका कोटाची बाही आखूड झाली. माप त्यानं घेतलं, कापड मी कापलं. तो म्हणतो तू आखूड कापलीस, मी म्हणतो तू आखूड मोजलंस. गिऱ्हाईक बिचारं हात जोडून म्हणालं, "मी हात दुमडून ठेवीन, पण तुम्ही भांडू नका!" ऐकतो कोण? एका दुकानाची दोन दुकानं झाली, मधे प्लायवूड. चार वर्षं झाली. त्याची शिंक मला ऐकू येते, माझा रेडिओ त्याला ऐकू जातो, जुनं गाणं लागलं की तिकडची मशीन थांबते, मला कळत नाही होय? पण बोलायचं नाव नाही.

तर बारकी आली दुकानात. "काका, रविवारी उद्घाटन. बाबा येणारेत, तुम्हीही यायचं. दोघं आलात तरच झाकण उघडीन, नाहीतर पातेलं उचलून घरी!" आता हे प्रेम म्हणायचं की दमदाटी? आमची बायको म्हणाली, "तुमच्या त्या बाहीपायी पोरीचं पातेलं अडवू नका," आणि सकाळीच निघून गेली, जावेबरोबर गाजरं चिरायला. म्हणजे जावा-जावांचं गूळपीठ, आणि आम्ही भाऊ वैरी!

गेलो. दारात सिक्युरिटीवाला. "सूपचं काउंटर?" "सरळ जा आणि डावीकडे वळा." वळलो तर कॉफी. कॉफीवाली म्हणते, "स्मॉल, मीडियम की लार्ज?" म्हटलं, बाई, सूप! "मग सरळ जाऊन लेफ्ट." गेलो तर चीजवाला. त्यानं काडीला टोचून एक तुकडा तोंडातच कोंबला. "कसं वाटतंय?" अहो, कसं वाटणार, पावसात भिजलेल्या मोज्यासारखं वाटतंय! तेही बोलता येईना, तोंड चिकटलेलं. बसावं म्हटलं तर खुर्च्या एवढ्या उंच की पाय लोंबकळतात. बायकोला फोन लावला. "अगं, कुठं आहात?" तिकडून नुसता भांड्यांचा खडखडाट आणि, "आवाज येत नाहीये! सरळ या, सरळ!" पुन्हा सरळ! माझं डोकं असं फिरलं...

आणि तेवढ्यात दिसला. दादा! पाठमोराच, पण शर्टाची कॉलर बघून ओळखला, अशी कॉलर दुसरं कोण बसवतंय? म्हटलं, सुटलो! पोरीचा बाप आहे, ह्याला वाट माहीत असणारच. लागलो मागं. थोडं अंतर ठेवून हं, आपला मान आपण राखायचा. तो पावाकडं, मी पावाकडं. तो माशांकडं, मी माशांकडं. तो भराभर चालतोय, मी धापा टाकतोय... मेणबत्त्या आल्या. बरं. मग पुन्हा पाव आला. म्हटलं, दुसरा पाववाला असेल. पुन्हा मेणबत्त्या! तिसऱ्या वेळी पाववाल्यानं आम्हाला ओळखीचा नमस्कार घातला, तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

मग दादा थांबला एका दुकानापुढं. काचेच्या ताटलीत चौकोनी तुकडे मांडलेले, गुलाबी, पांढरे, वर गुलाबाची पाकळी. दादाचा हात लहानपणापासून गोडाकडं. त्यानं उचलला तुकडा. मी वर पाटी वाचली. साबण! हातानं बनवलेले साबण! आता काय करू? ओरडू? ओरडलो तर बोलल्यासारखं होतं! चार वर्षांचा अबोला, तो काय साबणावर घालवू? दुकानातली मुलगी पलीकडं पुड्या बांधतेय, तिचं लक्ष नाही. तुकडा ओठाशी गेला... आत गेला... दादानं चावला... आणि माझ्या तोंडून गेलं ना हो!

"दादा, थुंक!!"

सगळा हॉल वळून बघायला लागला. चार वर्षांनी सख्ख्या भावाशी पहिला शब्द बोललो, तो काय? थुंक!

दादा वळला. मिशीला फेस. म्हणाला, "तू माझ्या मागं का फिरतोयस रे?" आणि 'रे' बरोबर एक बुडबुडा.

"तुला वाट माहीत असेल म्हणून! पोरीचा बाप ना तू?"

"मला कुठली माहीत? तू मागून येत होतास ना, काचेत दिसलास मला. म्हटलं, धाकटा येतोय मागं, म्हणजे वाट बरोबरच असणार."

 मी खिशातला रुमाल दिला. त्यानं घेतला.

शेवटी एक लादी पुसणाऱ्या मावशी होत्या, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "सरळ जा आणि..." आम्ही दोघंही ओरडलो, "नको!" बाईनं बादली ठेवली आणि आम्हाला पोरांसारखं नेऊन सोडलं. कुठं? उजवीकडे!

बारकी डाव घेऊन उभी. पातेल्यावर झाकण. पुढं गिऱ्हाइकं कुरकुरतायत, काही निघूनही गेलेली, आणि पोरीचे डोळे लाल. आम्हाला बघितलं, एकत्र, आणि झाकण उघडलं. पहिले दोन वाडगे आम्हाला.

मी घोट घेतला. तुम्हाला सांगतो... गाजरानं गरम पाण्यात आंघोळ करावी आणि मीठ न भेटताच निघून जावं, तसं! आता मी दादाकडं बघतोय. दादाच्या जिभेवर साबण! त्याला त्यापुढं काहीही गोडच. डोळे मिटून म्हणाला, "वा! अमृत!" पोरगी लागली रडायला. "काका, तुम्हाला?" मागं बायको उभी, शेजारी वहिनी. म्हटलं, "एक नंबर!"

झालं! दुसऱ्या दिवसापासून दुपारी दुकानात बारकीच्या सूपचा थर्मास. एक त्याला, एक मला. ह्या वेळी दादाच्या जिभेवर साबण नव्हता. पाच मिनिटांत आला माझ्या दुकानात, चार वर्षांनी पायरी चढला, आणि म्हणाला काय? "पोरीला खरं सांगायला हवं कोणीतरी." म्हटलं, तू बाप, तू सांग. तो म्हणतो, तू काका, तू सांग. मी म्हणतो, अमृत तू म्हणालास. तो म्हणतो, एक नंबर तू दिलास. शब्दानं शब्द वाढला... आणि आता पुन्हा आम्ही बोलत नाही.

पण दुपारी येतो हो रोज, थर्मास घेऊन. बसतो समोर, तोंड फिरवून. एकेकट्यानं ते सूप घशाखाली उतरतच नाही ना!