समासातला एक शेरा

आजच्या समारंभाचे अध्यक्षस्थान भूषवणारे संस्थेचे आदरणीय कार्याध्यक्ष, प्राचार्य महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, माझे सहकारी प्राध्यापक, ग्रंथालयातली आणि कार्यालयातली मंडळी, आजी-माजी विद्यार्थी, आणि शेवटच्या रांगेत बसून आत्तापासूनच घड्याळाकडे बघत असलेले माझे यजमान,

तुम्ही सगळे आज वेळात वेळ काढून आलात, याबद्दल आधी हात जोडते. गेला तासभर मी या खुर्चीत बसून माझ्याबद्दल जे काही ऐकलं, ते ऐकून मलाच या बाईंना एकदा भेटावंसं वाटू लागलंय. निवृत्त होणाऱ्या माणसाबद्दल कुणी वाकडं बोलत नाही, हा शिष्टाचार मला ठाऊक आहे. मीही याच ध्वनिक्षेपकासमोर उभं राहून कितीतरी जणांबद्दल गोडगोड बोलले आहे. त्यातलं सगळं खरं होतं असं नाही, पण ते जाऊ द्या.

प्राचार्य महोदय मघाशी म्हणाले, "मॅडमनी निबंधांच्या समासात लिहिलेल्या शेऱ्यांनी विद्यार्थी घडले." टाळ्याही झाल्या. सर, तुम्ही ते मनापासून म्हणालात. पण त्या वाक्याशी मी अडखळले आहे. आभाराचं भाषण मी लिहून आणलं होतं, ते पर्समध्ये आहे. ते राहू द्या. मला तुम्हाला एका शेऱ्याची गोष्ट सांगायची आहे.

एकोणीस वर्षं झाली त्याला. दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी दरवर्षी एक निबंध घालत असे, तो इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल, कारण त्या निबंधावरून तुम्ही मला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या आहेत. अभ्यासक्रमातलं एक अभिजात पुस्तक घ्यायचं आणि आपल्या घरात, गल्लीत, रोजच्या जगण्यात पाहिलेली एक गोष्ट त्याच्या शेजारी ठेवून दोन्हींविषयी लिहायचं. मार्गदर्शकातून उतरवता येणार नाही, असा माझा डाव होता.

अभ्यासक्रमात आम्हाला एक जुनं नाटक होतं. एका वृद्ध न्यायाधीशाची नजर जाते. पद जाऊ नये म्हणून तो ते लपवतो. त्याची मुलगी आसनामागे उभी राहून प्रत्येक कागद त्याच्या कानात वाचते आणि दरबाराला काही कळत नाही. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ते पितृभक्तीचं नाटक म्हणून शिकवत आलो. 'कन्येचा त्याग स्पष्ट करा', हा प्रश्न ठरलेला, उत्तरही ठरलेलं.

वर्गात एक मुलगी होती. तिचे वडील शहर बससेवेत चालक. सकाळच्या पहिल्या तासाला ती त्यांच्याच गाडीनं यायची, चालकाच्या मागच्या पहिल्या बाकावर बसून. अखंड बडबड. कंडक्टर तिला रेडिओ म्हणायचा, मग वर्गातही तेच नाव पडलं. मलाही ते ठाऊक होतं, कारण माझीही तीच गाडी होती.

तिचा निबंध मी एका रविवारी दुपारी वाचला. पहिल्या पानावरच मी सावरून बसले. तिनं लिहिलं होतं, की तिसऱ्या अंकात मुलगी घाईत एक कागद चुकीचा वाचते आणि एका निरपराध माणसाला शिक्षा होते. त्या माणसाला नाटकात नाव नाही, एकच वाक्य आहे. आपण सगळे मुलीच्या त्यागावर लिहितो. त्या माणसाच्या घरी कुणी वाट पाहत होतं का, हे नाटकात कुणी विचारत नाही आणि वर्गातही कुणी विचारत नाही.

सांगा, बारा वर्षं मी ते नाटक शिकवत होते. मला तो माणूस कधी दिसला होता का?

पुढच्या पानावर तिनं 'एका चालकाच्या मुली'विषयी लिहिलं होतं. वडिलांच्या डोळ्यांची कड विझत चालली आहे. समोरचं लख्ख दिसतं, त्यामुळे दरवर्षीच्या तपासणीत तक्त्यावरची अक्षरं ते धडाधड वाचतात. पण बाजूनं काय येतं ते दिसत नाही. म्हणून मुलगी मागच्या बाकावरून बोलत राहते. 'बाबा, ती सायकलवाली बाई बघा, केवढं ओझं घेऊन चाललीय डावीकडून.' 'बाबा, शाळा सुटली वाटतं, पोरं रस्त्यात उतरलीत.' प्रवाशांना वाटतं, पोरगी गप्पिष्ट आहे. निबंधाचं शेवटचं वाक्य असं होतं: 'ही मुलगी गुणी आहे की गुन्हेगार, हे मला ठरवता येत नाही.'

मी काय केलं? मी वीसपैकी अठरा गुण दिले. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. आणि शेवटच्या वाक्याशेजारी लाल शाईनं लिहिलं, 'उत्तम विश्लेषण. मात्र लेखकाने भूमिका घ्यायला हवी.'

गठ्ठा परत केल्यावर दोन दिवसांनी ती शिक्षक-कक्षात आली. मी हजेरीपट भरत होते.

"मॅडम, भूमिका घ्यायची म्हणजे काय करायचं?"

"म्हणजे कुंपणावर बसायचं नाही. तुला जे योग्य वाटतं त्या बाजूला उभं राहायचं."

"आणि दोन्ही बाजू आपल्याच असल्या तर?"

"तरीसुद्धा," मी म्हणाले. "तिथंच तर लेखकाची परीक्षा असते."

तिनं हातातला निबंध घडी करून वहीत ठेवला. मग "बरं" म्हणाली आणि गेली. मी पुन्हा हजेरीपटात डोकं घातलं. छान उत्तर दिलं, असंही वाटलं असणार मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॉलेजला न येता डेपोत गेली आणि मॅनेजरच्या टेबलावर तिनं तो निबंध ठेवला. माझ्या लाल शेऱ्यासकट.

तिच्या वडिलांना पहिली फेरी संपायच्या आत गाडीवरून उतरवलं. भर रस्त्यात, प्रवाशांसमोर. दुसरा चालक पाठवला. सव्वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस आपला डबा आणि पाण्याची बाटली घेऊन फुटपाथवर उभा राहिला. हे मला पुढे कंडक्टरनं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, ते गाडी दिसेनाशी होईपर्यंत नुसते बघत होते."

मुलगी कॉलेजला येईना. दहा-बारा दिवसांनी मी पत्ता शोधून घरी गेले. जिना चढून दुसरा मजला, दोन खोल्या. आईनं दार उघडलं. मुलगी आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून उभी होती, पुढे आली नाही. वडील खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मी माझी ओळख सांगू लागले, तर त्यांनी हातानं थांबवलं.

"ओळखतो की. आमच्याच गाडीला असायचात. तिसऱ्या थांब्याला चढायचात, सुटे पैसे हातात तयार."

मी म्हणाले, "तुमच्या मुलीनं फार धैर्य दाखवलं. एखादा अपघात झाला असता तर..."

"ते मला कळतं," ते म्हणाले. "डॉक्टरनीही सांगितलं, आणखी वर्षभर असंच चाललं असतं तर राहिलेली नजरही गेली असती. मी चुकलो होतो, मॅडम. चुकलो नव्हतो असं मी कुणालाच म्हणत नाही." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही वाचलं होतं ना ते? तिच्या आधी?"

"हो."

"मग तुम्ही का नाही आलात? माझ्याकडे यायचं, डेपोत जायचं. तुम्ही मोठं माणूस. माझ्या पोरीला कशाला पाठवलंत?"

मी म्हणाले, की मला ते कल्पनेतलं वाटलं. विद्यार्थी रचून लिहितात, मला कसं कळणार?

ते माझ्याकडे बघत राहिले. समोरचं त्यांना स्पष्ट दिसत होतं. मग अगदी सावकाश म्हणाले, "पोरीनं ते तुमच्याकडे दिलं, त्यानंतरच्या सोमवारपासून तुम्ही आमच्या गाडीला दिसला नाहीत."

मंडळी, ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. शेवटच्या रांगेत बसले आहेत, त्यांनाही नाही. निबंध वाचला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या रस्त्यानं जाणारी दुसरी बस धरली होती. लवकर निघावं लागायचं, पुढे चालावंही लागायचं. घरी सांगितलं, चालणं तब्येतीला चांगलं. मला सगळं कळलं होतं. मी स्वतःपुरती भूमिका घेतली होती आणि त्या गाडीतली बाकीची चाळीस माणसं, आणि ती मुलगी, तिथंच ठेवून आले होते.

पुढचं थोडक्यात सांगते. वडिलांना डेपोच्या स्टोअरमध्ये काम मिळालं. घरात अडीच वर्षं ते मुलीशी बोलले नाहीत. 'तिला सांग, दार लावून घे', असं सगळं आईमार्फत चालायचं. मग एके दिवशी चहा गार झाला म्हणून ते थेट तिच्यावरच ओरडले, आणि ती पोर स्वयंपाकघरात जाऊन आनंदानं रडली. तीन वर्षांपूर्वी ते गेले. शेवटी शेवटी पेपर तीच वाचून दाखवायची. पण शिक्षण सुटलं ते सुटलंच. मी दोनदा बोलवायला गेले. "नको मॅडम," ती म्हणाली, "मला आता कशावर काही लिहायचं नाही." तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे ती. तिसऱ्या अंकातल्या त्या बिननावाच्या माणसाविषयी तिनं जे लिहिलं, ते मी नंतरच्या प्रत्येक वर्गाला शिकवलं. 'एका विद्यार्थिनीचं मत' म्हणून. माझी वाहवा झाली.

गेल्या आठवड्यात मी तिला फोन केला. म्हटलं, निरोप समारंभ आहे, ही गोष्ट सांगू का?

"सांगा. नाव नका घेऊ. आणि बाबांना वाईट ठरवू नका."

"नाही ठरवणार."

मग ती यंत्रांच्या आवाजापासून जरा लांब आली. म्हणाली, "मॅडम, मी ते तुम्हाला लिहून दिलं होतं, कारण मला वाटलं, तुम्ही वाचाल आणि काहीतरी कराल. मला ठरवायचं नव्हतं हो. अठरा वर्षांची होते. तुम्ही घरी आलात तेव्हा मला धीट म्हणालात, नंतर हुशार म्हणालात. चुकलं कुणाचं, ते कधी बोलला नाहीत."

तेव्हाही मला फोनवर बोलता आलं नाही. 'बरं, ठेवते' म्हणाले आणि ठेवला.

उद्यापासून माझा वर्ग घेणारी माझी तरुण सहकारी इथं पहिल्या रांगेत आहे. बाई गं, हा निबंध चालू ठेव, पण मुलं घरचं लिहितात तेव्हा ती नेहमीच गुणांसाठी लिहीत नसतात. शंका आली तर पेन खाली ठेव आणि जाऊन विचार. तुझी शंका खोटी ठरली तर फार तर हसं होईल.

ध्वनिमुद्रण करणाऱ्या ताईंना विनंती, की याची एक प्रत मला हवी आहे. माझ्या त्या विद्यार्थिनीची आज दुपारपाळी असल्यानं ती येऊ शकली नाही, म्हणून मी ही प्रत तिच्या घरी, त्याच दुसऱ्या मजल्यावर, घेऊन जाणार आहे. तेव्हा हे नीट ऐकू येईल असं घ्या.

चूक माझी होती. तू माझ्यावर विश्वास ठेवून लिहिलंस, आणि मी तुला गुण दिले.

अध्यक्ष महाराज, आपण मला इतका वेळ बोलू दिलंत. संस्थेनं, सहकाऱ्यांनी, विद्यार्थ्यांनी एकतीस वर्षं मला सांभाळून घेतलं. सर्वांची मी ऋणी आहे. आनंदाच्या प्रसंगी मी तुमचं मन जड केलं, बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, त्याबद्दल मोठ्या मनानं क्षमा करावी. बाकीची क्षमा मागायला मी दुसऱ्या मजल्यावर जाते आहे.