सतराव्या वचनापुढची दोन पानं

...आणि वर बाई मलाच विचारतात, "मागचं वाचलंत? पुढचं वाचलंत?" आता काय बोलणार! नाही, तुम्ही मला सांगा, अडुसष्ट वर्षांचा माणूस, त्यातली पंचेचाळीस वर्षं पुस्तकं बांधण्यात गेली, म्हणजे इतक्या लोकांचं मागचं आणि पुढचं ह्या दोन हातांनी शिवलंय, आणि त्याला चारचौघांत, चहाचा कप हातात असताना, असं विचारायचं? बरं, विचारणारी कोण, तर संदर्भबाई. हे नाव मी नाही ठेवलं, बेकरीवाल्यानं ठेवलं. मी फक्त पसरवलं.

तुम्हाला सांगतो, आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी चार वाजता बायबलचा अभ्यास असतो. माणसं किती, तर सहा. बाई, बेकरीवाला, लिफ्ट दुरुस्त करणारा, शिंपीण, शिंपिणीची बहिरी सासू आणि मी. मी कशाला जातो? अभ्यासाला जातो असं पाळकांना सांगितलंय. खरं सांगू? चहाला जातो. चहा काय, घरीही होतो हो, पण घरी कप एकच लागतो. बायको जाऊन तीन वर्षं झाली, अजून माझ्या हातून पाणी दोन कपांचंच पडतं, मग टाकवत नाही म्हणून दोन्ही कप मीच पितो, आणि मग पित्त. डॉक्टर म्हणतात, चहा कमी करा. त्यांना काय सांगू, की चहा बरोबर आहे, माणूस कमी पडतंय?

तर बाई. बाई कोर्टात टायपिस्ट होत्या, सदतीस वर्षं. जन्मभर साक्षी टाइप केल्या. त्यामुळे त्यांचा एकच हेका. "साक्षीतलं एक वाक्य सुटं काढून द्या मला, इथल्या कुणालाही जन्मठेप मिळवून देते." आणि हे म्हणताना माझ्याकडे बघतात! बेकरीवाल्यानं बिचाऱ्यानं एकदा भीत भीत सांगितलं, की मला अमुक एक वचन फार आवडतं... बाई चष्मा खाली ओढून, "मागचं वाचलंत? पुढचं वाचलंत?" तो जो गप्प झाला तो दोन गुरुवार नुसतीच बिस्किटं आणत होता.

आता माझं वचन. करिंथकरांना पौलाचं दुसरं पत्र, पाचवा अध्याय, सतरावं वचन. ख्रिस्तात आलेला माणूस नवा होतो, जुनं होतं ते गेलं, बघा, सगळं नवं झालं... असं काहीसं. बायकोच्या बायबलात उजव्या पानाच्या अगदी तळाशी आहे, तिनं पेन्सिलीनं रेघ मारलेली. ती गेल्यावर मला ते सापडलं आणि तुम्हाला सांगतो, मला इतकं बरं वाटलं! मी काय केलं, जाड पुठ्ठा घेतला, सोनेरी अक्षरांत वचन ठसवलं, चौकट केली आणि जेवायच्या टेबलासमोर लावली. म्हटलं, झालं. आता नवं व्हायचं.

आणि झालो की नवा! खाट ह्या भिंतीची त्या भिंतीला लावली. मिशा काढल्या. साखर सोडली, परत धरली. नवे दोन शर्ट शिंपिणीकडून शिवून घेतले, ती म्हणाली कुठे लग्न आहे का, म्हटलं नाही हो, आत्मिक कारण आहे. तीन वर्षं मी नवा होतोय! पण संध्याकाळी सहा वाजले, की कुलूप उघडून आत यायचं, दिवा लावायचा, आणि नवीन शर्टातला तोच म्हातारा आरशात उभा. घरात दुसरं कुणी नसलं ना, की फ्रिजचा आवाजसुद्धा सोबत वाटायला लागतो. मध्ये तो बिघडला, आवाज बंद झाला, तर मी उठून त्याला हात लावून बघितलं.

पण एक फायदा होता त्या वचनाचा, तो मी कुणाला बोललो नव्हतो. जुनं गेलं, असं स्पष्ट लिहिलंय की नाही? मग जुन्यात माझा धाकटा भाऊही आला. म्हणजे तोही गेला. देवानंच निकाल लावला, आपण कोण मध्ये पडणार? अकरा वर्षं बोलत नव्हतो आम्ही. दोन गल्ल्या सोडून त्याचं दुकान, आणि मी किराणा आणायला तिसऱ्या गल्लीनं वळसा घालून जायचो. गुडघे दुखायचे, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

कशावरून? खळीवरून. हसू नका. खळ म्हणजे मैदा शिजवून करतात ती, बाइंडिंगची, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालून. आमच्या वडिलांनी शिकवलेली. आम्ही दोघं भाऊ एकाच टेबलावर, मी शिवणार, तो पुठ्ठे चढवणार, मध्ये खळीचं पातेलं. एक दिवस धाकट्याच्या डोक्यात आलं, डब्यातला पांढरा गोंद आणू या, झटपट वाळतो, वास नाही. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "दादा, तुझी खळ घट्ट असते, तुझा हात सढळ, एक दिवस नको ती पानं चिकटवून बसशील." मी म्हटलं, "ज्या दिवशी चिकटतील त्या दिवशी तुझ्या दारात येऊन सांगेन." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर पातेलं रिकामं! ह्या पठ्ठ्यानं खळ मोरीत ओतून दिलेली आणि टेबलावर गोंदाचा डबा. मी म्हटलं, ह्या दुकानात एक तर खळ राहील, नाहीतर तू. खळ राहिली.

बायकोच्या अंत्यविधीला आला होता तो. सगळ्यांच्या मागे, दाराशी उभा होता. मी बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण बघितलं नाही असं केलं. त्या दिवसाचं मला तेवढंच नीट आठवतं.

असो. तर मी मोठ्या उत्साहात गुरुवारी सांगितलं, की मी ह्या सतराव्या वचनावर जगतोय. बाईंनी चष्मा खाली ओढला. मला कळलं, आली जन्मठेप. "मागचं वाचलंत? पुढचं वाचलंत?" म्हटलं, पुढचं वाचलंय ना, पुढे तीत येतो! बाई म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी सगळा अध्याय ओळीनं वाचू.

आता हे तीत प्रकरण काय, ते सांगतो. तिच्या त्या बायबलात सतरावं वचन संपलं, की पान उलटायचं, आणि लगेच वर लिहिलेलं, की खचलेल्यांना धीर देणारा देव, त्यानं तीताला पाठवून आम्हाला धीर दिला. तीत म्हणजे पौलाचा सोबती. मला किती बरोबर वाटायचं! आधी माणूस नवा होतो, मग त्याच्याकडे कुणीतरी येतं. म्हणून मी वाट बघायचो. जिन्यात पाऊल वाजलं, की म्हणायचो, तीत! उघडून बघतो तर गॅसचा मीटर बघणारा. पुन्हा पाऊल, पुन्हा तीत! तर वरच्या मजल्याचं पार्सल, सही तेवढी करा म्हणे. तीन वर्षांत माझ्याकडे जितके तीत आले, सगळ्यांनी सही घेतली आणि गेले.

तर तो गुरुवार. एकेकानं एकेक वचन वाचायचं. सोळावं शिंपिणीनं वाचलं, की इथून पुढे आम्ही कुणालाच जुन्या, मानवी नजरेनं जोखत नाही. बाई म्हणाल्या, "हे आहे मागचं. नवा माणूस म्हणजे नवा शर्ट नव्हे, नवी नजर. समोरच्याला आधी होता तसाच धरून ठेवायचं नाही." शर्टाचं त्यांना कुणी सांगितलं ते मला माहीत आहे. मग सतरावं माझं, मी पाठ म्हटलं, डोळे मिटून. बाई म्हणाल्या, पुढचंही तुम्हीच वाचा. मी पान उलटलं आणि खणखणीत आवाजात तीताला आणला.

सगळ्यांनी माना वर केल्या. बहिरी सासू म्हणाली, "कोण आलं?" शिंपीण तिच्या कानात ओरडली, "तीत!" सासू म्हणाली, "मग चहा टाका की." बाई म्हणाल्या, "तीत सातव्या अध्यायात आहे. तुम्ही पाचव्यात आहात." लिफ्टवाला माझ्या पुस्तकात डोकावून म्हणाला, "काका, तुम्ही मधले मजले गाळलेत." आणि त्यानं पानाचा आकडा दाखवला. दोनशे सत्त्याऐंशी. पुढचं पान, दोनशे नव्वद.

तुम्हाला सांगतो, मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. बाइंडर माणूस! लोकांची पानं मोजण्यात जन्म गेला, आणि स्वतःच्या घरात दोन पानं गायब, तीन वर्षं! पान हातात घेतलं, तर जाड लागलं. बोटांना लगेच कळलं. चिकटलेलं होतं. बायको गेली त्या महिन्यात मी तिचं बायबल नव्यानं बांधलं होतं, पार सुटत चाललं होतं. खळ घट्ट झाली असणार, आत झिरपली असणार. मला त्या दिवशी नीट दिसत नव्हतं. का दिसत नव्हतं ते विचारू नका.

घरी आलो. किटली ठेवली. चहाला नाही, वाफेला. पान वाफेवर धरलं, हळूहळू, घड्या घालायच्या हाडाच्या पट्टीनं एकेक कोपरा सोडवत. खळीचं हे बरं असतं, वाफ लागली की सोडते. तो पांढरा गोंद असता तर जन्मात सुटलं नसतं, हे जाता जाता सांगून ठेवतो. अर्ध्या तासानं पान उघडलं आणि मी पुढचं वाचलं. की हे सगळं देवाकडून आहे, त्यानं आपला त्याच्याशी समेट केला, माणसांचे अपराध त्यांच्या नावावर धरले नाहीत, आणि तेच समेटाचं काम आता आपल्यावर सोपवलं. म्हणजे बघा! मी समजत होतो, नवं व्हायचं आणि बसून राहायचं, येईल कुणीतरी. मधे लिहिलं होतं, की ऊठ आणि जा. तेवढंच नेमकं मी चिकटवलं होतं.

आणि समासात तिचं अक्षर. पेन्सिलीनं, सामानाची यादी करायची ना, तसंच. "भावजी. ह्यांना वेळ बघून सांगणे."

वेळ बघत राहिली हो ती. माझा स्वभाव बघता, कुठली वेळ सापडणार होती तिला? किटलीतलं पाणी आटून गेलं.

दुसऱ्या दिवशी गेलो. सरळ गल्लीनं गेलो, वळसा घातला नाही. आता अडचण काय, ते कळतंय ना तुम्हाला? नुसता समेट असता तर एक वेळ जमला असता. पण मी शब्द दिला होता, की पानं चिकटली तर दारात येऊन सांगेन. म्हणजे देवाचं ऐकायचं तर आधी खळीचं कबूल करायचं! पौलाला काय जातंय लिहायला, त्याचा भाऊ बाइंडर नव्हता.

दुकानात तो एकटाच होता. केस पांढरे झालेत त्याचे. वर बघितलं. मी गिऱ्हाईक असल्यासारखं बायबल टेबलावर ठेवलं. त्यानं माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी पुस्तकाच्या पाठीवरून अंगठा फिरवला. आमच्यात तसंच असतं.

"कुणी बांधलंय?"

"मी."

अंगठा पुन्हा फिरला. "खळ घट्ट होती."

अकरा वर्षं, तुम्हाला सांगतो. घशाशी किती उत्तरं आली! सगळी मागची. मी म्हटलं, "होती."

मग पान उघडून दाखवलं. त्यानं वाचलं. चष्मा काढला, पुसला, घातला, परत वाचलं. "वहिनीचं अक्षर," म्हणाला. आणि मग बराच वेळ टेबलावरचे कागदाचे तुकडे गोळा करत बसला, जिथं तुकडे नव्हते तिथलेही. मग म्हणाला, "दादा, मी दाराशी उभा होतो त्या दिवशी." मी म्हटलं, "बघितलं होतं मी." तो म्हणाला, "माहीत आहे." बास. एवढाच झाला समेट. पौलानं त्यावर अध्याय लिहिला, आमचा चार वाक्यांत उरकला.

गुरुवारी मी बाईंना सांगितलं, मागचं वाचलं, पुढचंही वाचलं, तीतही आला. बाईंनी पहिल्यांदाच चष्मा खाली ओढला नाही. स्वतःच्या हातानं मला बिस्कीट दिलं.

कारण आला होता ना तो, बुधवारीच! जिन्यात पाऊल वाजलं, मी उठलोसुद्धा नाही, म्हटलं असेल मीटरवाला. दारात धाकटा. आत आला, चहा घेतला. दोन कप पाणी टाकलं होतं, दोन्ही कप लागले, पहिल्यांदा हिशोब बरोबर आला. चौकटीतलं सोनेरी वचन वाचलं, म्हणाला, ठसा तिरपा बसलाय. मग उठून स्वयंपाकघरात गेला, माझ्या खळीच्या पातेल्यावरचं झाकण काढलं, वास घेतला, बोटानं चाचपून बघितली, आणि अकरा वर्षांपूर्वीचं तेच तोंड केलं. अगदी तेच! मी नवा झालो हो, मी तीन वर्षं राबलो त्यासाठी... पण भाऊ मिळाला तो जुनाच.

जाताना म्हणाला, उद्या परत येतो. माझी खळ ओतून द्यायला.