चौतीस माणसं येऊन गेली म्हणे!

…आणि चौतीस माणसं येऊन गेली म्हणे! चौतीस! आता तुम्हीच सांगा, आपल्या दारात चौतीस माणसं येतात, आत डोकावतात, आपलं सगळं बोलणं ऐकून घेतात आणि एक शब्द न बोलता चालती होतात, आणि आपण तिकडे मोरीत पाय धूत उभे! कुणी या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही, पाणी नाही, चहा नाही… मी सूनबाईला म्हटलं, अगं, मला हाक तरी मारायचीस! तर म्हणते, "बाबा, ते घरी नाही आले, ब्लॉगवर आले." म्हटलं, ब्लॉग कुणाचा? "तुमचा." मग माणसं कुणाकडे आली? हसत आत निघून गेली.

तसा माझा काही हट्ट नव्हता हो. पंचेचाळीस वर्षं मी घरोघर फिरून शिलाई मशीनं दुरुस्त केली. शाळेचं म्हणाल तर पाट्या वाचण्यापुरती, त्यातही पाटी लांबलचक असली की वाचून होईपर्यंत बस पुढे गेलेली असायची. मग गुडघ्यांनी जिने चढायला नकार दिला आणि बसलो घरी. आता घरी बसलेला माणूस करणार काय? बोलणार! सूनबाई ऑफिसचं काम घरूनच करते, जेवणाच्या टेबलावर, कानात ती ऐकायची बोंडं घालून. मी समोर बसून तिला सांगायचो, अमक्या घरचं मशीन कसं नुसतं सुई उलटी लावल्यामुळे रुसलं होतं, तमक्या बाईनं तेलाऐवजी मध कसा घातला होता… एक दिवस तिनं कानातलं काढलं, हात जोडले आणि म्हणाली, "बाबा, हे सगळं तुम्ही जगाला का नाही सांगत?" मला वाटलं, केवढं कौतुक! आता कळतंय, तिला फक्त मिटिंग ऐकायची होती.

तर ब्लॉग निघाला. दुपारी चार वाजता तिचं काम आटोपलं की मी बोलायचं, तिनं बटणं दाबायची. मी सावकाश बोलतो. ती म्हणते, "बाबा, वाक्य संपलं का?" मी म्हणतो, थांब, येतंय. आणि दुसऱ्या दिवशी, चौतीस माणसं येऊन गेली म्हणे!

मग काही मंडळी बोलायला लागली. एकानं लिहिलं, "छान." बस. छान! आता एवढ्या लांबून आलेल्या माणसानं छान म्हटल्यावर आपण गप्प राहायचं? मी उत्तर सांगितलं: आपली तब्येत कशी आहे, घरी कोण कोण असतं, मशीन आहे का, असल्यास तेल कधी घातलंत… सूनबाई म्हणाली, "बाबा, तो नुसता छान म्हणालाय!" म्हटलं, म्हणूनच. कमी बोलणाऱ्याला आपण बोलतं करावं.

एका बाईनं लिहिलं, माझ्याही ब्लॉगला अवश्य भेट द्या. आमंत्रण आलं! मी लगेच इस्त्रीचा सदरा घातला, केस विंचरले आणि सूनबाईशेजारी जाऊन बसलो. आमची ही स्वयंपाकघरातून बघत होती. "अहो, कुठं निघालात?" म्हटलं, कुठं नाही, इथंच, एका ओळखीच्या बाईंच्या ब्लॉगवर. "सदरा बदलून?" मी कॉलर नीट केली. त्या बाईंनी मांजरींचे फोटो लावले होते. आठ मांजरी. मी प्रत्येकीची विचारपूस केली.

आणि ते अनामिक! तुम्हाला सांगतो, हा माणूस मला काही उलगडला नाही. सकाळी लिहितात, काका, डोळ्यांत पाणी आलं. दुपारी लिहितात, म्हाताऱ्या, कुणाला वेळ आहे हे वाचायला! संध्याकाळी पुन्हा, आमच्याकडे पंखे स्वस्तात मिळतील. सूनबाई म्हणते, "बाबा, ती वेगवेगळी माणसं आहेत, नाव न सांगणारी." असतील. पण मला वाटतं एकच असावेत, घरी काहीतरी त्रास असेल बिचाऱ्यांना. मी एकदा विचारलंही, पंख्यांचा धंदा नीट चालत नाही का? उत्तर नाही. येऊन गेले म्हणे!

हे सगळं हसतखेळत चाललं होतं, आणि एका गुरुवारी एका मुलीचा मजकूर आला. सूनबाई वाचता वाचता थांबली. मुलीनं लिहिलं होतं, काका, आईचं मशीन चार वर्षं बंद आहे. त्या मशीनवर तिनं आम्हा दोघांना वाढवलं. इथला मेकॅनिक म्हणतो, गेलं ते, भंगारात द्या. दादानं रविवारी सकाळी भंगारवाल्याला बोलावलंय. आई रोज उठून त्याची धूळ पुसते. काही होईल का?

रविवारी! म्हणजे हातात दिवस किती? तीन! आणि मी इथं, मशीन तिथं, मधे किती गावं कोण जाणे! मशीन न बघता सांगायचं? पंचेचाळीस वर्षांत कधी हात न लावता निदान केलं नाही हो! तेवढ्यात ब्लॉगवर ही गर्दी! एक म्हणतो पट्टा बदला. एक म्हणतो हातोडीनं ठोका. हातोडी! एक म्हणतो नवीन घ्या, विजेवर चालणारं. अनामिक म्हणतात, काकांना जमणार नाही. मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. ही म्हणाली, "अहो, चहा गार झाला." म्हटलं, होऊ दे! आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. दोघंही दचकलो.

मग मला सुचलं. मी सांगितलं, मुली, चाक हातानं पुढं-मागं हलव आणि तो आवाज पाठव. आला आवाज! सूनबाईनं फोन माझ्या कानाला लावला, मी डोळे मिटले, एकदा ऐकलं, दोनदा, सात वेळा ऐकलं… आणि अहाहा! कसं सांगू तुम्हाला! लोखंडाला लोखंड अडलं असतं तर टक्क वाजलं असतं. गंज असता तर करकरलं असतं. हे कसं थांबत होतं? मऊ! कुणीतरी आतून अलगद हात धरावा तसं! दोरा! सुईखालच्या शटलच्या मागं दोरा गुंतलाय आणि जुनं तेल त्यावर गोंदासारखं बसलंय! मी एवढ्यानं ओरडलो की शेजारचे डॉक्टर धावत आले. त्यांनाही ऐकवला आवाज. म्हणाले, "मला तर काहीच कळत नाही." म्हटलं, तुम्हाला कसं कळेल, तुम्ही माणसं तपासता.

मी सांगितलं, चार थेंब रॉकेल सोड, जोर लावू नकोस, थांब. शुक्रवारी मुलगी लिहिते, हललं नाही. म्हटलं, आणखी चार थेंब, थांब. शनिवारी लिहिते, काका, हललं नाही, दादा हसतोय. गर्दीही हसायला लागली! हातोडीवाला म्हणतो, मी सांगितलं होतं! मी सूनबाईला म्हटलं, लिही: चार वर्षं बसलेलं मशीन दोन दिवसांत उठत नसतं, मलासुद्धा खुर्चीतून उठायला वेळ लागतो. चाक पुढं नको, मागं फिरव, केसाएवढं. मग पुढं, केसाएवढं. असं करत राहा. आईला करू दे, तिच्या हाताला ओळखेल ते.

रविवार उजाडला. सूनबाईला सुट्टी, तरी नऊ वाजता मशीनसमोर, आपलं… कॉम्प्युटरसमोर. मी शेजारी. ही कणकेच्या हातानं मागं उभी. नऊ. साडेनऊ. काही नाही! म्हटलं, भंगारवाला पोचला असेल. दहा. ही म्हणाली, "अहो, श्वास घ्या." आणि दहा वाजून सात मिनिटांनी आला मजकूर! काका, काळा दोरा निघाला, वीतभर. चाक फिरलं. आईनं भंगारवाल्याची फाटलेली पिशवी शिवून दिली आणि त्याला परत पाठवलं!

मी रडलो हो. सूनबाई रडली. हिनं कणकेच्या हातानं डोळे पुसले, ते पुढं तासभर चुरचुरत होते. आणि त्या दिवशी चारशे माणसं येऊन गेली म्हणे! चारशे!

पण ती मुलगी पुन्हा आली नाही. सूनबाई खट्टू झाली, "बघा बाबा, साधी फिरकलीसुद्धा नाही." म्हटलं, वेडे, आमच्या धंद्यात गिऱ्हाईक परत आलं की झोप उडते. नाही आलं म्हणजे मशीन नीट चाललंय! "बाबा, पण ब्लॉगमध्ये लोक परत यायला हवेत." आता हे मला आधी कुणी सांगितलं होतं का?

असो. मी मात्र हवेत होतो. पुढच्याच आठवड्यात आणखी एक मजकूर आला. सूनबाईनं वाचला: आमच्या घरचं मशीन सहा वर्षं टाका सोडतंय. घरातलाच माणूस मेकॅनिक आहे. रोज सांगते, रोज बघतो म्हणतो. काय करावं? माझा असा संताप झाला! म्हटलं, लिही! ताई, असल्या माणसाला मेकॅनिक म्हणू नका! जगाची मशीनं नीट करतो आणि घरच्या बाईला सहा वर्षं ताटकळत ठेवतो? त्याला जेवण वाढू नका! सूनबाईनं अक्षर न् अक्षर लिहिलं. खाली शंभर जणांनी शाबासकी दिली. अनामिकांनीसुद्धा, तीनदा!

आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "ऐकलं मी."

आता काय सांगू… सकाळपासून स्टुलावर बसून हिच्या मशीनचं शटल पुसतोय. ही समोर खुर्चीत, हाताची घडी घालून. मघाशी सूनबाईला हळूच विचारलं, बाई गं, ते माझं उत्तर पुसता येतं का?

म्हणाली, "येतं की बाबा. पण आईंनी सांगितलंय, पुसायचं नाही."