आधी खुर्ची, मग पाणी

शेगावच्या एसटी स्टँडवर रुखमाबाई बसली होती, त्याच बाकावर पतसंस्थेतले दोघं कर्मचारी प्रशिक्षणाचे बिल्ले गळ्यात तसेच ठेवून येऊन टेकले.

“प्रेरणाताई, जेवणानंतर मले झोपच लागली. काय शिकवलं?”

“ठेवीदार तणतणत आला, तं त्याले आधी खुर्ची द्या, मग पाणी.”

“अन् त्यानं पैसे मांगतले तं?”

“घरचं विचारा. लेकीबाळीचं विचारलं का माणूस निवते.”

“तरी नाही निवला तं?”

“चहा सांगायचा.”

बाटली उघडता उघडता प्रेरणाचं लक्ष शेजारी गेलं.

“मावशी, पाणी घेता?”

“नको माय. आमच्या गावच्या पतसंस्थेत लय पाणी पेली मी. लेकीचं लग्न कवा हाय, तेही विचारलं त्याइनं.”

“मग?”

“पैशापायी मोडलं, म्हन्लं. तं त्याइनं चहा सांगतला.”