आधी रक्त, मग सुई

मी मूळची सांगलीची. लग्न झालं आणि ह्यांच्या कारखान्यातल्या नोकरीपायी फरीदाबादला आले. पुढं आमच्या सेक्टरात काचेच्या दारांचं नवं हॉस्पिटल उघडलं, तिथं लॅबमध्ये लागले. काम काय, तर तापाच्या पेशंटचं रक्त बाटलीत ठेवायचं, दोन-तीन दिवसांत त्यात जंतू वाढतो का बघायचं आणि कुठलं अँटिबायोटिक त्याला मारतं ते डॉक्टरांना कळवायचं, म्हणजे अंदाजानं औषधं मारायला नकोत. पण काय सांगू तुम्हाला, वॉर्डातून रक्त यायचं तेच इंजेक्शन देऊन झाल्यावर! औषध आत गेल्यावर जंतू बाटलीत वाढेल कशाला? मी लिहायचे, काही वाढलं नाही, आणि वाढलं नाही म्हणजे वॉर्डाच्या लेखी सगळं बिल्कुल ठीक, फाइल बंद.

एकट्या नर्सची चूक नाही हं. दाराशी नातेवाईक उभे, तेज़ वाली लगाओ, देख क्या रही हो. डॉक्टर म्हणायचे, मॅडम, आपकी बोतल के चक्कर में ये दूसरे हॉस्पिटल चले जाएँगे. मालकांनी भिंतीवर पोस्टर लावलं, अँटिबायोटिक जपून वापरा, आणि खाली लॅबमध्ये बाटल्याच संपलेल्या! मी दहा वर्षं जिने चढून भांडले, आधी रक्त घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि मग हेच तापानं फणफणले, आमच्याच हॉस्पिटलात ॲडमिट केलं. थंडीनं दात वाजायला लागले, आणि मी, हो मीच, नर्सला म्हटलं, लगा दो ना, देख क्या रही हो. ती बिचारी म्हणाली, दीदी, ब्लड? मी म्हटलं, बाद में.

बाद में घेतलं. बाटलीत काही नाही. ताप उतरेना, मग अंदाजानं हे इंजेक्शन बदल, ते बदल, आठ दिवस जीव टांगणीला. शेवटी एका इंजेक्शननं माणूस वाचवला, पण त्यानंच दोन्ही कान नेले, ऐकूच येईना. डॉक्टर म्हणाले, जान तो बची. बची, खरंय. पण त्या कोऱ्या रिपोर्टवर सही माझी आहे, ते कुणावर ढकलू?

हे चिडले नाहीत. म्हणाले, चला, तुझी बडबड तरी चुकली.

आता मी रिटायर आहे. सोसायटीत कुणाला ॲडमिट करायचं झालं की हेच सोबत जातात. ऐकू येत नाही म्हणून फार मोठ्यानं बोलतात, सगळा वॉर्ड वळून बघतो, पहले खून लो, फिर सुई लगाओ! नर्स म्हणते, अंकल, धीरे. ह्यांना कुठं ऐकू येतंय. आणि ती रक्ताची बाटली शोधायला पळते. देवानं हा आवाज असाच मोठा ठेवावा.